झेब्रा फिंचमधले लपलेले रंग ओळखताना या चुका टाळा

पांढरा नर आणि जवळजवळ पांढरीच मादी, अशी माझ्याकडे झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पक्ष्यांची एक जोडी होती. पाच पिल्लं झाली आणि पाचही साधी करडी निघाली. मादीचा आधी दुसऱ्या नराशी संग झाला असणार, असं धरून मी ती चांगली जोडी तोडली. खरी गोष्ट मादीच्या डोळ्याखाली होती. तिथे अश्रू ओघळल्यासारखी गडद रेघ होती. म्हणजे ती पांढऱ्या वाणाची नव्हती, चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट होती. पांढऱ्या वाणात ही रेघ नसते. दोन्ही वाण अप्रभावी, म्हणजे जनुकाची साधी प्रत सोबत असली की रंग दिसत नाही, पण जनुकं वेगवेगळी. नराकडे जे जनुक बदललेलं होतं ते मादीकडे साधं होतं, आणि मादीचं नराकडे. त्यामुळे प्रत्येक पिल्लाला दोन्ही जनुकांची एकेक साधी प्रत मिळाली आणि सगळी करडी झाली. म्हणून पालकांचा रंग नुसता ‘फिकट’ असा लिहून ठेवू नका, नेमका वाण ठरवा.

मादीला ‘फॉन स्प्लिट’ म्हणणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. फॉन म्हणजे तपकिरी रंग, आणि स्प्लिट म्हणजे रंगाचं जनुक अंगात असूनही तो रंग न दिसणारा पक्षी. फॉन, चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट आणि लाइटबॅक हे तिन्ही लिंगाशी जोडलेले रंग आहेत. पक्ष्यांमध्ये नराला दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. मादीच्या एकुलत्या झेडवर फॉन असेल तर ती फॉनच दिसणार, आणि फॉन दिसत नसेल तर तिच्याकडे ते नाहीच. या तीन रंगांची स्प्लिट मादी कुणी देऊ केली, तर देणाऱ्याची नोंद चुकली आहे असं समजा. नर मात्र हे रंग पोटात ठेवून अगदी साधा दिसतो.

यातूनच ओळखण्याची एक सोपी वाट मिळते. मुलीला झेड फक्त बापाकडून येतं. दोन करड्या पालकांना एक जरी फॉन मादी झाली, तरी बाप स्प्लिट आहे हे सिद्ध झालं. साध्या मादीपासून झालेले मुलगे कितीही निरखले तरी ही माहिती देत नाहीत. मी तर अशा विणीत आधी मुलीच बघतो.

एका पांढऱ्या पिसावरून निकाल देणं

मानेवर किंवा हनुवटीखाली एखादं पांढरं पीस दिसलं की ‘पाइड स्प्लिट’ असा शिक्का बसतो (पाइड म्हणजे अंगावर पांढरे डाग असलेला वाण). कधी तो खराही ठरतो. पण बऱ्याच स्प्लिट पक्ष्यांवर अशी कुठलीच खूण नसते, आणि जखम भरल्यावरही एखादं पीस पांढरं उगवू शकतं. पिसाची नोंद करा, निकाल चाचणी-जोडीवर सोडा; ती कशी लावायची ते पुढे आहे.

एकाच विणीवर विश्वास ठेवणं

पाइड, पेंग्विन किंवा पांढरा यांसारख्या अप्रभावी रंगांसाठी संशयित पक्ष्याची जोडी तो रंग उघड दिसणाऱ्या पक्ष्याशी लावा. संशयित खरंच स्प्लिट असेल तर सरासरी निम्मी पिल्लं त्या रंगाची होतात. तरीही पाचच्या पाच साधी निघण्याची शक्यता ३२ मध्ये १ उरते. सात साधी निघाली तर ती १२८ मध्ये १ इतकी खाली येते. मी किमान सात पिल्लं पाहतो, म्हणजे बहुधा दोन विणी. दोन स्प्लिट एकमेकांशी लावून पाहणं फार कमकुवत चाचणी आहे, कारण त्यात दहाही पिल्लं साधी निघण्याची शक्यता पाच टक्क्यांहून जास्त असते. शिवाय त्यातल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी तीनात दोन स्प्लिट असतात. त्यांच्यापुढे ‘स्प्लिट’ नव्हे, ‘शक्य स्प्लिट’ लिहा.

थव्यातल्या पिल्लांवरून पालक ठरवणं

झेब्रा फिंचच्या माद्या दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी टाकतात, दुसऱ्या नरांशी संगही करतात. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात दीड आठवड्याच्या आसपास टिकू शकतात. म्हणून चाचणीआधी मादीला तीन आठवडे नरांपासून वेगळं ठेवा आणि मग स्वतंत्र पिंजऱ्यात जोडी लावा.

तुरा आणि डॉमिनंट सिल्व्हर (फिकट रुपेरी रंग) हे प्रभावी वाण आहेत, म्हणजे एक प्रत असली तरी दिसतात, त्यामुळे त्यांचा स्प्लिट नसतो. ‘तुऱ्याच्या वंशातला’ पण बिनतुऱ्याचा पक्षी तुरा पुढे देत नाही. तुरेवाल्याशी तुरेवाला मात्र कधीच लावू नका. दुहेरी जनुक मिळालेली चौथाई पिल्लं अंड्यातच मरतात. घाई पिल्लांच्या बाबतीतही नको. पांढऱ्या पिल्लांच्या पाठीवर पहिल्या पिसाऱ्यात करडी पिसं असू शकतात, ती पुढे गळतात. साधारण तीन महिन्यांचा पिसारा पूर्ण झाल्यावरच रंग लिहा.

राहिला पांढरा वाण. तो खालचं सगळं झाकतो, डॉमिनंट सिल्व्हरसारखे प्रभावी रंगसुद्धा. माझ्या त्या पाच करड्या पिल्लांत दोन माद्या होत्या. नर पांढऱ्याखाली फॉन असता तर दोघीही फॉन निघाल्या असत्या, तेव्हा तो फॉन नव्हता हे पक्कं. फॉनचा स्प्लिट असूनही दोन्ही मुली साध्या निघण्याची शक्यता मात्र चारात एक उरत होती. मी जोडी पुन्हा लावली. पुढच्या विणीत तीन माद्या झाल्या आणि त्यातली एक फॉन होती.