उद्या कारखान्यात शूट आहे: फिल्मच्या काळातली आदल्या दिवसाची तयारी

1980 च्या दशकात मुंबईहून पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात कॅटलॉगचं शूट असलं, की निम्मं काम आदल्या दिवशीच उरकावं लागे. ट्रान्स्परन्सी फिल्म (स्लाइडसारखं थेट रंगीत चित्र देणारी) अर्ध्या स्टॉपची (उजेडाच्या मापाची; एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) चूकही पोटात घालत नाही आणि लॅबमधून आल्याशिवाय फोटो दिसत नाही. म्हणून सहायकाकडून आम्ही पुढचं सगळं पाठ करून घेत असू.

आधी फिल्म. बोरा बाजारातून घेताना सगळे रोल एकाच इमल्शन नंबरचे, म्हणजे एकाच बॅचचे, बघून घे. दोन बॅचच्या रंगात थोडा तरी फरक पडतो आणि कॅटलॉगच्या समोरासमोरच्या पानांवर तो लगेच डोळ्यांत भरतो. त्यातला एक रोल ग्रे कार्डवर (उजेड मोजायच्या करड्या पुठ्ठ्यावर) खर्ची घाल, ई-6 (अशा फिल्मची धुलाई) करून आण, लाइटबॉक्सवर (खालून उजेड असलेल्या काचेवर) लूपने, म्हणजे भिंगाने, बघ आणि मगच त्या बॅचचा स्पीड, म्हणजे उजेडाला किती संवेदनशील ते, ठरव. डब्यावर 64 लिहिलंय म्हणून डोळे मिटून 64 धरू नकोस. रोल वाया घालवला असं क्लायंट म्हणेल, म्हणू दे. बाकीची फिल्म फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर दोन तास तरी पाकीट फोडायचं नाही, नाहीतर इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदी थरावर, बाष्प धरतं. पावसाळ्यात तर हमखास.

फोर बाय फाइव्हचे (चार बाय पाच इंची सुट्या फिल्म-शीटचे) होल्डर रात्रीच भर. ब्रशने धूळ झटक, मग मिट्ट काळोखात बस. शीट उभी धरल्यावर खाच वर उजव्या कोपऱ्यात हाताला लागली, की इमल्शन आपल्याकडे आहे. डार्क स्लाइडची (होल्डरच्या सरकत्या झाकणाची) पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी म्हणजे एक्स्पोज झालेली. यात कधीही स्वतःची वेगळी पद्धत आणू नकोस.

पोलरॉइड (जागेवरच फोटो दाखवणारी फिल्म) मोकळ्या हाताने घे, इथे काटकसर नको. त्यात रंग बघू नकोस, तो फिल्मसारखा येतच नाही. सावली कुठे पडते, चकचकीत धातूत कोणाचं प्रतिबिंब आलंय, सिंक कॉर्ड (कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी वायर) खरंच काम करतेय का, हे बघ. थंडीत पोलरॉइड काखेत धरून उबव. पानाचा लेआउट अ‍ॅसिटेटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) गिरवून ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागच्या, चित्र दिसणाऱ्या धुरकट काचेवर) चिकटवायला घे, म्हणजे मजकुराची जागा मोकळी राहिली का ते कळतं. काचेवर चित्र डोक्यावर उभं दिसतं, तेव्हा अ‍ॅसिटेटही तसंच फिरवून लाव.

शेडमध्ये ट्यूबलाइट असणारच आणि डेलाइट (दिवसाच्या उजेडासाठीच्या) फिल्मवर त्यांचा उजेड हिरवा येतो. बंद करायला सांग. जमत नसेल तर 30 मॅजेंटा (किरमिजी) फिल्टर आणि त्यासाठी दोन-तृतीयांश स्टॉप जादा.

जादा सिंक कॉर्ड, 15 अँपिअरचा प्लग, फ्यूज वायर, थर्माकोल, ट्रेसिंग पेपर, काळा चार्ट, डलिंग स्प्रे (चकाकी मारणारा) हे सगळं बॅगेत हवं. मऊ फडकी मात्र भरपूर घे. ट्रान्स्परन्सीवर रिटचिंग महाग आणि जिकिरीचं, त्यामुळे यंत्रावरचा तेलाचा प्रत्येक डाग तिथेच पुसायचा.

रोलची लेबलं आत्ताच लिहून ठेव. प्रत्येक महत्त्वाचा फोटो दोन वेगळ्या रोलवर घ्यायचा आणि ते दोन रोल एका दिवशी लॅबला द्यायचे नाहीत. पहिला लाइटबॉक्सवर बघून, गरज पडली तर दुसऱ्याला एक-तृतीयांश स्टॉप पुश करायला (जास्त वेळ धुऊन उजळ करायला) सांगता येतं.