टॉर्क रेंच ‘टक’ करत नाही? खोलण्याआधी या चुका टाळा

टॉर्क रेंच म्हणजे नट ठरवलेल्या जोराने (टॉर्कने) आवळला गेला की ‘टक’ करणारा पाना. तो अडला की पहिला हात जातो मुठीच्या टोकाच्या स्क्रूकडे, म्हणजे माप जुळवायच्या स्क्रूकडे. घोटाळा तिथेच सुरू होतो. क्लिक टाइप रेंचमध्ये दोन स्वतंत्र भाग असतात: डोक्यातली रॅचेट (एकाच दिशेने जोर देणारी दातेरी चक्री) आणि नळीतली स्प्रिंग. रॅचेटची दुरुस्ती घरी जमते. स्प्रिंगला हात लावला की मापच जातं.

त्याआधी रेंच खरंच बिघडलाय का ते बघा. बरेचसे रेंच एकाच दिशेने मोजतात, डोक्यावर बाण असतो. डाव्या आट्याच्या नटावर असा रेंच चालवला तर आवाज येतच नाही आणि माणूस आटे जाईपर्यंत आवळत राहतो. २०० न्यूटन-मीटरचा (हे टॉर्कचं एकक) रेंच ४० वर लावला की ‘टक’ इतका बारीक होतो की चालू गॅरेजमध्ये ऐकूच येत नाही. आणि ‘किलो’चा आकडा न्यूटन-मीटर समजू नका, १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर.

रेंच बरेच महिने पडून असेल तर आतलं ग्रीस आळलेलं असतं. व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) षटकोनी सळईचा तुकडा आवळा, त्यावर सॉकेट बसवा आणि रेंच कमाल मापावर लावून पाच वेळा टक करून घ्या. नंतर ठेवताना स्केलवरच्या सर्वांत खालच्या मापावर आणा, त्याच्याही खाली सैल सोडू नका.

रॅचेट घसरत असेल तर आतल्या कुत्र्याचे (चक्रीच्या दातांत अडकणाऱ्या खटक्याचे) दात झिजलेत किंवा त्यामागची बारीक स्प्रिंग तुटली आहे. झाकणाचे स्क्रू किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढताना खाली कापड अंथरा, स्प्रिंग उडते आणि मग अर्धा दिवस ती शोधण्यात जातो. रॅचेटच्या सुट्या भागांची किट घ्यायची ती मॉडेल नंबर सांगून. ग्रीस पातळ आणि थोडंच लावा. जाड ग्रीसमध्ये कुत्रा चिकटतो आणि नवी किट टाकूनही घसरणं चालूच राहतं.

सर्वांत महागात पडते ती नळीत तेल मारण्याची सवय. आतला छोटा ठोकळा स्प्रिंगच्या दाबाखाली कलतो, तेव्हा टक होतो. त्या पृष्ठभागांवरचं ग्रीस ठरावीक असतं. गंज काढायचा स्प्रे किंवा रॉकेल आत गेलं की घर्षण बदलतं, म्हणजे आकडा तोच पण टॉर्क वेगळा. टोकाचा स्क्रू फिरवला तर स्केलला अर्थच उरत नाही.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. रेंचचा चौकोनी ड्राइव्ह व्हाइसमध्ये धरा, रेंच आडवा ठेवा. ड्राइव्हच्या मध्यापासून ५० सेंटिमीटरवर बादली टांगून हळूहळू पाणी ओता आणि टक कधी होतो ते बघा. बादलीसकट १० किलो झाले की ४९ न्यूटन-मीटर होतात. यात रेंचचं वजन धरलेलं नाही: १.२ किलोच्या रेंचचा भार ड्राइव्हपासून २० सेंटिमीटरवर पडत असेल तर आणखी साधारण २.४ वाढतात. क्लिक रेंचला आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चुकीची सवलत असते (१० न्यूटन-मीटरच्या वर) अधिक-उणे ४ टक्के, म्हणजे इथे जेमतेम २. त्यामुळे बादलीने मोठा दोष पकडता येतो, कॅलिब्रेशन (माप अचूक तपासून जुळवणं) करता येत नाही.

दुरुस्त करायचा की टाकायचा? डोक्याला तडा असेल किंवा मुठीत पाइप घालून नळी वाकवली असेल तर विचार करू नका, भंगारात. सगळे टक एकसारखे पण सरसकट चढे किंवा उतरते येत असतील तर फक्त अ‍ॅडजस्टमेंट लागते. एकाच मापावर पाच टक पाच प्रकारचे येत असतील तर आतला ठोकळा किंवा पिन झिजली आहे. सुटे भाग मिळणारा महाग रेंच असेल तरच खर्च करा. स्वस्तातल्या रेंचचं दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनचं बिल बऱ्याचदा नव्याच्या किमतीला जाऊन भिडतं.

लॅबला देताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता बघा आणि अ‍ॅडजस्ट करण्याआधीचे आकडेही रिपोर्टवर मागा. रेंच कमी टॉर्कलाच टक करत होता असं निघालं, तर त्याने आवळलेली चाकं आणि इंजिनचे हेड बोल्ट पुन्हा तपासावे लागतील.