घाटावरून रत्नागिरीत आलात? आधी तिथी बघा

जून उजाडला की आमच्या कॉलनीत एखाददुसरा टेम्पो घाट उतरून येतो. कपाट, गॅसच्या टाक्या, तुळशीची कुंडी आणि वर दोरीने बांधलेला कूलर. कूलर दिसला की ओळखायचं, मंडळी सोलापूरकडची. तो कूलर आधी विकून टाका. इथल्या दमट हवेत तो गारवा देत नाही, नुसते पापड सादळवतो. चामडी चपला आणि बॅगा पावसाळ्यात महिनाभर न बघता ठेवू नका, बुरशी येते. घरासंबंधी एवढंच, बाकीचं शेजारीण सांगेल.

मी २००५ साली पंढरपूरहून आले, यांच्या बदलीमागून. तीन वर्षं काढायची नि परत जायचं असं ठरलं होतं. अजून इथेच आहे. तेव्हापासून बघते, नवा माणूस पहिल्या रविवारी समुद्रावर जातो आणि सोमवारी विचारतो, ‘वहिनी, चांगला बीच कुठला?’ कुठला ते मग सांगते. आधी कधी जायचं ते शिका.

आपण पंढरपूरकडची माणसं एकादशी चुकवत नाही, पण त्याच एकादशीला सव्वाआठच्या सुमाराला इथे पूर्ण भरती असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती आणि दुपारीही पावणेचारच्या आसपास. तिथून सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडेतिकडे धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे ओहोटीला पाणी लांबवर आत जातं आणि भरतीला तेवढंच वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा धड येतही नाही, जातही नाही. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण भिंतीवरच्या कालनिर्णयला रेंज लागत नाही.

हे मी एवढं घोळवून का सांगते, तर माझी गाडी त्यात गेली आहे.

२००६ ची गोष्ट. सेकंड हँड मारुती, पंच्याऐंशी हजारांची, घेऊन दोन महिने झाले होते. दिवाळी होऊन महिना उलटलेला, कार्तिक अमावास्या. संध्याकाळी सव्वापाचला आम्ही भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी उतरवली. पाणी पार लांब गेलेलं, ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक. मुलांना गाडीतून लाटांपर्यंत नेलं, केवढं कौतुक! एक म्हातारे खांद्यावर जाळं टाकून चालले होते. काचेपाशी थांबले, म्हणाले, ‘बाय, आज अवस आहे.’ आणि चालू पडले.

माझे वडील अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देणारे, मी त्यांच्या तालमीत वाढलेली. म्हटलं, शिकल्यासवरल्या माणसाला गाडी चालवायला अमावास्या कसली आडवी येते? ह्यांना म्हटलंसुद्धा, ‘बघा, कोकणात अजून हे चालतं.’

पावणेसातला निघालो तर वळवताना पुढची चाकं भुसभुशीत वाळूत रुतली. रेस केलं तसं खड्डा पडत गेला. पायपुसणी घातली, नारळाच्या झावळ्या घातल्या. तेवढ्यात पाणी आलं. पहिली लाट टायरला नुसती शिवून गेली, पण परत जाताना टायरखालची वाळू घेऊन गेली. पुढची आली, तीही घेऊन गेली. गाडी ढकलून हलेना, जागच्या जागी खाली बसत होती. साडेआठला बॉनेटवर लाटा. हेडलाइट पाण्याखालीही थोडा वेळ जळत होते, हिरवट. मुलगी सुरूच्या झाडाखाली उभी राहून रडत होती.

पहाटे सहाला ओहोटीत ट्रॅक्टर लावून गाडी काढली. दोर बांधायला तेच म्हातारे. कालच्याबद्दल चकार शब्द नाही. खारं पाणी इंजिनात, वायरिंगमध्ये, सीटच्या स्पंजात, सगळीकडे. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले आणि गाडी शेवटी भंगारात नऊ हजारांना गेली. तेव्हा परत सांगते, पुळणीवर गाडी घालू नका. वाळू कितीही कडक दिसो, दुसऱ्या चार गाड्या उभ्या असोत, मेव्हणा कितीही आग्रह करो.

आपले घाटावरचे लोक इथल्यांना आतल्या गाठीचे म्हणतात. मीही म्हणायचे. पण इथला माणूस सांगतो, फक्त एकदाच आणि चार शब्दांत. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. ‘बघू’ म्हणाला तर ते नाही असं समजा. आणि बदलीवर आलेल्यांनी आपापसातच भिशी, आपापसातच वाढदिवस करत बसायचं, दर शनिवारी कोल्हापूरची गाडी धरायची, आणि मग इथली माणसं मिसळत नाहीत म्हणायचं, हे काही खरं नाही.

आता जागा. रोजच्या फिरण्याला भाट्येच. काजळी नदीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन, आणि चालत गेलात तर टोकाला झरी विनायक. खाडीच्या तोंडाकडे मात्र पाण्यात पाऊल नको, नदी आणि समुद्र तिथे एकमेकांना ओढत असतात. मांडवीला वाळू काळी. तिथे पोहायला कोणी जात नाही, संध्याकाळी बंदरावर बसायला आणि भेळ खायला जातात. पांढरा समुद्र नाव ऐकून जाल, पण नावाएवढी पुळण आता उरलेली नाही. मिऱ्याला समुद्राने किनारा खाल्ला म्हणून दगडी बंधारा घालावा लागला. त्याच बंधाऱ्याला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज येऊन टेकलं. नंतर कितीतरी दिवस लोक डबे घेऊन ते बघायला जात.

गणपतीपुळ्याला पाहुणे आले की जावंच लागतं. आरे-वारेच्या रस्त्याने न्या, वरच्या वळणावर थांबून दोन्ही किनारे दाखवा. देवदर्शन करा, डोंगराला प्रदक्षिणा घाला. पाण्यात घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. तिथे माणसं बुडतात, आणि बहुतेक आपल्याकडचीच असतात, नदीत पोहायला शिकलेली. नदीची ओढ एका दिशेला असते, समुद्राची कळत नाही. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, सपाट दिसतोय, तर तोच पट्टा आत ओढणारा. नवखा नेमका तिथे शिरतो, पाणी शांत आहे म्हणून. अडकलातच तर किनाऱ्याकडे हात मारून दमू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि मग बाहेर या. जीवरक्षकाने शिट्टी मारली की त्याच्याशी वाद घालायचा नाही. पुळ्याची गर्दी सोसवेना तर पुढे मालगुंड आहे, केशवसुतांचं गाव.

माझा आवडता गणेशगुळे. पावस गावाच्या बाजूला, आठवड्यात मधल्या वारी गेलात तर पुळणीवर तुमचीच पावलं. ओहोटीला ओल्या वाळूवर खेकड्यांनी केलेल्या बारक्या गोळ्यांची नक्षी दिसते. मुलं तासभर ती न तुडवता चालायचा खेळ करतात. दुकानं नाहीत असं धरूनच जा. पाणी आणि डबा घरून न्या, कचरा घरी आणा. त्याच रस्त्याने पुढे पूर्णगडचा किल्ला, मुचकुंदी नदीच्या मुखाशी, आणि खाडीपलीकडे गावखडी. तिथे थंडीत कासवं अंडी घालतात. रात्री टॉर्च मारत फिरू नका, मादी अंडी न घालताच परत फिरते.

मासळीसाठी एक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे तुम्ही नेमके आलात त्या दोन महिन्यांत मिळेल ते बर्फातलं, नाहीतर सुकं. तेवढ्यावरून ‘रत्नागिरीत ताजे मासे मिळत नाहीत’ असं गावी फोन करून सांगू नका, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा.

लिहिता लिहिता पाच वाजले. आज सप्तमी, म्हणजे सव्वापाचला भरती. आमचं फिरणं आज सुरूच्या बनातूनच.