फोर्स वनमध्ये जायचंय? आधी भरती काढा

फोर्स वनचा फॉर्म कुठे भरायचा, असं बरीच पोरं विचारतात. डायरेक्ट फॉर्म नसतोच रे! २६/११ नंतर २०१० मध्ये केंद्राच्या एनएसजी कमांडो दलाच्या धर्तीवर महाराष्ट्र पोलिसांचं हे दहशतवादविरोधी पथक उभं केलं आणि त्यात जवान निवडतात ते पोलीस दलातूनच, म्हणजे आधी अंगावर खाकी पाहिजे.

तर सुरुवात शिपाई भरतीपासून. बारावी पास, मुलांना उंची १६५ सेमी, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेमी वाढायला हवी. ग्राउंड ५० मार्कांचं, त्यात १६०० मीटरला २०, १०० मीटर आणि गोळाफेकीला १५-१५. खरा खेळ १६०० मध्येच होतो, पहिल्या राउंडला जोशात सुसाट पळतात आणि शेवटी पाय दगड होतात, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी घड्याळ लावून पळा. लेखी १०० मार्कांची आहे, गणित-बुद्धिमत्ता सोडून नुसतं जीके घोकू नका.

भरती झाल्यावर ट्रेनिंगमध्ये फायरिंग मन लावून शिका, फिटनेस सोडू नका. वर्दी मिळाली की पोट सुटतं, तिथेच निम्मे बाद! पुढे निवडीचं पत्रक निघालं की वरिष्ठांमार्फत नाव द्यायचं.