विद्यार्थी कमी पडल्यास शिक्षकाने आधी काय विचारावे

उत्तर चुकलेले दिसले की लाल शाईची फुली आणि ‘लक्ष नाही’ हा शेरा जवळजवळ आपोआप उमटतो. हा शेरा विद्यार्थ्याच्या स्वभावावर असतो, कामावर नसतो. शिवाय उद्या त्याला नेमके काय शिकवायचे, हे त्यातून शिक्षकालाही उमगत नाही. म्हणून आधी तो त्या उत्तरापर्यंत कसा पोहोचला, हे शोधावे.

समजा, एका मुलीने 52 − 37 चे उत्तर 25 आणि 64 − 28 चे उत्तर 44 लिहिले आहे. वरवर पाहता हा निष्काळजीपणा वाटतो. परंतु दोन्ही उदाहरणांत तिने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे तिच्याजवळ एक नियम आहे आणि तो ती इमानेइतबारे पाळते आहे. हा अंदाज पडताळण्यासाठी तिला 70 − 26 सोडवायला द्यावे. उत्तर 56 आले, तर अडचण लक्ष देण्याची नसून दशक सुटा करण्याची आहे, हे स्पष्ट होते.

विचारपूस वर्गासमोर करू नये. मुलाला वही घेऊन जवळ बसवावे आणि ‘असे का केलेस?’ याऐवजी ‘ही पायरी कशी केलीस, ते मला सांग’ असे म्हणावे. कारण पहिल्या प्रश्नाने मूल बचावाला लागते. नंतर गप्प राहावे, आणि हेच सर्वांत अवघड असते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला 1970 च्या दशकात असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. ते 3 सेकंद किंवा त्याहून अधिक थांबले, तर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात.

शाब्दिक उदाहरण चुकले असल्यास ऑस्ट्रेलियातील शिक्षण-संशोधिका ॲन न्यूमन यांनी 1977 मध्ये मांडलेला क्रम उपयोगी पडतो: मुलाला उदाहरण मोठ्याने वाचायला लावावे, काय विचारले आहे ते सांगायला लावावे, कोणती क्रिया करणार ते विचारावे, ती करताना पाहावे आणि शेवटी उत्तर लिहून घ्यावे. गणित कच्चे ठरवलेले मूल पुष्कळदा पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडलेले सापडते.

गृहपाठ झाला नसेल, तर ‘कुठपर्यंत आलास आणि कुठे थांबलास?’ एवढा प्रश्न बहुधा पुरतो. कारण समजून घेणे म्हणजे सूट देणे नव्हे. काम पूर्ण करावेच लागेल, फक्त ते कधी आणि कोणत्या मदतीने, हे दोघांनी मिळून ठरवावे. मूल घरच्या अडचणीविषयी बोलू लागले, तर ऐकून घ्यावे. मात्र स्वतःहून खोदून विचारू नये.

जे कळले त्याची एक ओळ तारखेसह टिपून ठेवावी आणि आठवडाभराने त्याच धर्तीचे एखादे उदाहरण, आधी काही न सांगता, पुन्हा द्यावे.