दोन इंजिनांचा फ्युएल फ्लो जुळत नाही? आधी या चुका टाळा

दोन इंजिनांच्या बोटीवर फ्युएल फ्लोचा, म्हणजे तासाला किती इंधन जातं त्याचा, आकडा एका बाजूला जास्त दिसला, की मालक इंजिनावरच संशय घेतो. इंधनाच्या नळीत बसून हा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरवर शंका घ्यायचं कुणाच्या मनातच येत नाही.

अशाच एका बोटीची तक्रार होती की उजवं इंजिन फार पितं. मालकाने इंजेक्टर साफ करून घेतले, प्रोपेलर बदलला, तरी आकडा ढिम्म हलेना. मी दोन्ही सेन्सरची अदलाबदल केली. पितं इंजिन आता डावं! डाव्याचा मूळ सेन्सर उघडला तर रोटरमध्ये, म्हणजे इंधनाच्या प्रवाहाने फिरणाऱ्या चाकात, जोड गळू नये म्हणून गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपचा धागा अडकलेला. रोटर जड फिरत होता, म्हणून तो सेन्सर कमी दाखवत होता. बिचाऱ्या उजव्या इंजिनाचा काही दोष नव्हता.

मग हे आधी लक्षात का आलं नाही? कारण बेरीज जुळत होती. टाकी एकच, आणि मालकाने एकदा टाकी भरून, किती इंधन मावलं त्यावरून दोन्ही सेन्सरना सारखंच करेक्शन, म्हणजे आकडा ठरावीक टक्क्यांनी वाढवणारी दुरुस्ती, दिलेलं. समजा दोन्ही इंजिनं तासाला 20 लिटर घेतात आणि डावा सेन्सर 16 दाखवतो. बेरीज 36 येते, खरा खर्च 40. दोन्हींना सारखं वाढवलं की डावा 17.8 आणि उजवा 22.2 दाखवतो. बेरीज चोख, आकडे दोन्ही खोटे. एकाच टाकीवर दोन सेन्सर एकदम कॅलिब्रेट करण्याचा, म्हणजे खऱ्या खर्चाशी जुळवण्याचा, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

कॅलिब्रेशनसाठी मी एका वेळी एकच इंजिन चालवतो. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) असेल तर दुसरं वर उचलायचं. इनबोर्डला (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाला) बंद इंजिनाचा प्रोपेलर पाण्याच्या जोराने फिरत राहतो आणि ते काही गिअरबॉक्सना चालत नाही, तेव्हा आधी मॅन्युअल बघा. आणि दहा-वीस लिटर जाळून 'झालं कॅलिब्रेशन' म्हणू नका. टाकी भरताना दोन लिटर इकडेतिकडे होतातच. 20 लिटरवर ती 10 टक्के चूक, 100 लिटरवर 2 टक्के. एवढा धीर नसेल तर करेक्शनला हातच लावू नका. अदलाबदल करतानाही जुनं करेक्शन आधी शून्यावर आणा, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही.

बाकीच्या चुका तशा नेहमीच्याच. सेन्सर फिल्टरच्या आधी बसवणं. सेन्सरवरचा प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण उलटा ठेवणं. सेन्सर साफ करायला कॉम्प्रेसरची हवा मारणं: रोटर भन्नाट फिरतो आणि बेअरिंग कामातून जातं. आयडलवरचा (इंजिन नुसतं सर्वात कमी वेगात चालू असतानाचा) आकडा खरा मानणं. इतक्या कमी प्रवाहात पंपाच्या धक्क्यांनी तो नाचणारच. टेपऐवजी इंधनाला टिकणारं लिक्विड सीलंट वापरा, तेही पहिला आटा सोडून.

डिझेलवाल्यांना मात्र वेगळं सांगावं लागतं. रिटर्न लाइन (न वापरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) असेल तर एका इंजिनाला दोन सेन्सर लागतात आणि खर्च म्हणजे त्या दोघांतला फरक. जाताना 120 लिटर, परत 100, खर्च 20. दोन्ही सेन्सर दोनच टक्के चुकले, पण उलट दिशांना, तर खर्चात 4.4 लिटरची, म्हणजे 22 टक्के चूक. त्यात परत येणारं डिझेल गरम आणि फुगलेलं. 30 अंशांच्या फरकाला साधारण अडीच टक्के. म्हणून डिझेलला जोडीचे, तापमान भरपाई असलेले सेन्सर घ्या. पैसे वाचवायला एकच लावून 'अंदाज तरी येतो' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

एनएमईए 2000 (बोटीवरची सेन्सर आणि डिस्प्ले जोडणारं) नेटवर्क असेल तर वरचं सगळं करण्याआधी इन्स्टन्स क्रमांक, म्हणजे कोणता आकडा कोणत्या इंजिनाचा ते सांगणारा क्रमांक, तपासा: डाव्याला 0, उजव्याला 1. दोन्ही 0 राहिले तर डिस्प्लेवर एकाच गेजमध्ये दोघांचे आकडे आलटूनपालटून उड्या मारतात. आधुनिक इंजिनाचा ईसीयूही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) स्वतःचा फ्लो पाठवतो, तेव्हा डिस्प्ले नक्की कोणाचा आकडा दाखवतोय तेही बघून घ्या.