दोन क्रूझ शिप शॉर्टलिस्ट झाल्यात, आता त्यातली एक कशी निवडायची

दोन जहाजं फायनल झालीत, तारखा जवळपास त्याच, भाडं पण थोडंफार इकडेतिकडे, आणि आता घरात दोन पार्ट्या पडल्यात, एकाला वॉटरस्लाइडवालं हवंय आणि दुसऱ्याला छोटं, शांत. मग सगळे दोन्ही शिपचे व्हिडिओ बघत बसतात, आणि व्हिडिओत काय, सगळीच जहाजं भारी दिसतात, पूल रिकामा, खुर्च्या रिकाम्या, मागे सूर्यास्त. मी पण हेच करायचे. आता मी आधी कागद घेते आणि एकच आकडा काढते: पूर्ण ट्रिपमध्ये जागेपणीचे किती तास आपण जहाजावर असणार.

ते काढायचं कसं तर आयटिनररीत सी डे किती ते मोजा, म्हणजे ज्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही असे दिवस, आणि पोर्टच्या दिवशी जहाज किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं ते लिहा. सात रात्रींच्या एका ट्रिपमध्ये तीन सी डे असतात तर दुसरीत एकच. तीनवाल्या ट्रिपमध्ये जहाज हेच तुमचं गाव, बाग, थिएटर सगळं, तिथे जहाज चांगलं असायलाच हवं. एकवाल्यात तुम्ही सकाळी उतरणार, संध्याकाळी दमून येणार, जेवणार आणि झोपणार, मग तिथे नव्या कोऱ्या शिपसाठी जादा पैसे मोजणं मला तरी पटत नाही. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या आकड्याच्या हिशोबाने कमीजास्त महत्त्वाचं धरा.

पोर्टच्या वेळा बघताना जरा चावटपणा लक्षात घ्या. कागदावर ८ ते ५ लिहिलेलं असतं पण ५ ला जहाज सुटतं, तुम्ही त्याच्या अर्धा तास, कधी तासभर आधी आत असायला लागता, आणि सकाळी उतरायला रांग असते ती वेगळीच. शिवाय गावाचं नाव आणि बंदर एकच असतं असं अजिबात नाही. रोम लिहिलेलं असेल तर जहाज चिविताव्हेकियाला लागतं, तिथून ट्रेनने रोमला साधारण तासभर. पॅरिस म्हणजे बहुतेक वेळा ल आव्र, जायला दोन-अडीच तास आणि यायला तेवढेच. बँकॉक म्हणजे अनेकदा लेम चाबांग, तेही दूरच. व्हेनिसचं तर अजून वेगळं आहे, ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजच्या (जहाजाच्या आकाराचा आकडा, पुढे सांगते) वरची जहाजं शहरातल्या ज्युडेका कालव्यातून नेता येत नाहीत, त्यामुळे बऱ्याच "व्हेनिस" क्रूझ प्रत्यक्षात ट्रिएस्ट किंवा रावेन्नाहून सुटतात. दोन्ही शिपच्या आयटिनररीत बंदराचं खरं नाव काय आहे ते शोधून शेजारी शेजारी लिहा, इथेच अर्धा निकाल लागतो.

आणि टेंडर बघा. काही ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागूच शकत नाही, ते बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून लोकांना किनाऱ्यावर सोडतात, त्याला टेंडर म्हणतात. सँटोरिनी हे नेहमीचं उदाहरण, बोटीतून खाली बंदरावर उतरायचं आणि मग वर गावात जायला केबल कार नाहीतर ५८८ पायऱ्या. आता एका शिपमध्ये नऊशे लोक आणि दुसऱ्यात पाच हजार, मग रांग कुठली मोठी हे सांगायची गरज नाही. समुद्र खवळलेला असेल तर टेंडरवालं पोर्ट सरळ रद्द पण होतं. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांच्याबरोबर व्हीलचेअर आहे त्यांनी हे आधी बघावं, बाकी सगळं नंतर.

आता जहाजाकडे येऊ. सगळे विचारतात मोठं कुठलं, पण विचारायचं असतं की माणशी जागा किती. ग्रॉस टनेज नावाचा आकडा प्रत्येक शिपचा असतो, लोकांना वाटतं ते वजन, पण तो आतल्या बंद जागेच्या आकारमानावरून काढतात. त्याला डबल ऑक्युपन्सीच्या पॅसेंजर संख्येने, म्हणजे प्रत्येक केबिनमध्ये दोघं धरून जी येते तिने, भागायचं. आयकॉन ऑफ द सीज (२०२४ ला सुरू झालेलं) २,४८,६६३ टनेजचं आहे, दोघांच्या हिशोबाने ५,६१० लोक, म्हणजे साधारण ४४. कार्निव्हलचं मार्डी ग्रा तसंच केलं तर ३४ च्या आसपास येतं. व्हायकिंग स्टार हे छोटं, ४८,००० च्या जरा आत, लोक ९३०, तरी ५१ येतं. क्वीन मेरी २ तर ५५ च्या पुढे. म्हणजे छोट्या जहाजात गर्दी असते हा समज पण चुकीचा आणि मोठ्यात मोकळं असतं हा पण.

पण एक गोची आहे, सुट्टीच्या सीझनमध्ये केबिनमध्ये तिसरा-चौथा म्हणून मुलं असतात. आयकॉनची जास्तीत जास्त क्षमता ७,६०० च्या आसपास आहे, तो आकडा धरला तर ४४ चे थेट ३३ होतात. त्यामुळे शाळांच्या सुट्टीत जाणार असाल तर दोन्ही शिपचा भागाकार कमाल संख्येने परत करा. असाच भागाकार क्रूचा पण करता येतो, पॅसेंजर भागिले क्रू, जितका कमी तितकी सर्व्हिस बरी असायची शक्यता, पण मी याला कमी मार्क देते, कारण क्रूमध्ये इंजिन रूमची माणसं पण धरलेली असतात, ती काय तुम्हाला चहा आणून देणार नाहीत.

एकाच क्लासची, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली, दोन जहाजं असतील तर नावावर जाऊ नका. ओएसिस क्लासमधलं पहिलं २००९ चं आहे आणि युटोपिया २०२४ चं, ढाचा एकच पण आतल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या. जुन्या शिपचं बांधणीचं वर्ष बघून नाक मुरडण्याआधी शेवटचं ड्राय डॉक, म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढून केलेली दुरुस्ती, कधी झालं ते बघा, तेव्हाच गाद्या, कार्पेट, बाथरूम बदलतात. काही जहाजं विकली जाऊन नवीन नावाने नवीन म्हणून मिरवतात, त्यासाठी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, शोधा, सात आकडी असतो, नाव आणि मालक बदलला तरी तो बदलत नाही, जुना इतिहास सगळा सापडतो. अमेरिकेच्या बंदरांत जाणारं जहाज असेल तर सीडीसीचे (तिथली सरकारी आरोग्य संस्था) स्वच्छता तपासणीचे मार्क पण उघड असतात, १०० पैकी, ८५ किंवा खाली म्हणजे नापास. एका नापासावरून जहाज सोडू नका, पण मागची तीन-चार वर्षं ओळीने बघा.

डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याच्या नकाशावर, मात्र मी तासच्या तास घालवते, आणि त्याला कारण आहे. एकदा मी एका शिपवर स्वस्तात बाल्कनी मिळाली म्हणून उड्या मारत बुक केली, आणि केबिन निघाली बरोब्बर पूल डेकच्या खाली. पहाटे पाचला वर खुर्च्या ओढायला सुरुवात, खर्रर्र खर्रर्र, सात दिवस. तेव्हापासून माझा नियम असा की केबिनच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही डेकवर त्याच जागी काय आहे ते बघायचं. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. थिएटर, किचन, डान्स फ्लोअर, जिम असेल तर नको. समुद्र लागत असेल तर खालचा डेक आणि जहाजाचा मध्य, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. स्टॅबिलायझर आहेत ना असं एजंट सांगतो पण ते डावीउजवीकडचं डोलणं कमी करतात, पुढे-मागे जे वर-खाली होतं त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू लिहिलं असेल तर खिडकीसमोर बहुतेक लाइफबोट. आणि गॅरंटी केबिन म्हणजे प्रकार तेवढा तुमचा, जागा कंपनी ठरवणार, म्हणून ती स्वस्त. डेक प्लॅनवर एवढी मेहनत केली आणि शेवटी गॅरंटी घेतली तर सगळं पाण्यात.

पैशाची तुलना करताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा. तो बहुतेक वेळा दोघं एका केबिनमध्ये धरून माणशी असतो, एकटे जात असाल तर सिंगल सप्लिमेंट लागतं आणि ते कधी कधी दुप्पट भाड्यापर्यंत जातं. दोन रकाने करा आणि दोन्हीत भरा: भाडं, पोर्ट फी आणि टॅक्स, रोजची टिप (माणशी, अनेक कंपन्या मुलांची पण घेतात), वायफाय (अनेकदा डिव्हाइसमागे), ड्रिंक पॅकेज, पोर्टवरच्या सहली, जहाज सुटतं तिथपर्यंतचं विमान आणि आदल्या रात्रीचं हॉटेल. ड्रिंक पॅकेजमध्ये बऱ्याच ठिकाणी अट असते की एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यायलाच हवं, म्हणजे एकजण पितो आणि दुसरा पीत नाही तरी पैसे दोघांचे. आता व्हायकिंगसारख्या कंपनीत वायफाय आणि प्रत्येक पोर्टची एक सहल भाड्यातच असते, म्हणून ती आधी महाग दिसते. शेवटी बेरजेला रात्रींनी आणि माणसांनी भागा, मग बोला.

मुलं असतील तर वयाची अट वाचा, साधारणपणे सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत आणि महासागर ओलांडणाऱ्या सफरींना बहुतेक वर्षाची अट असते, काही जहाजं तर फक्त १८ वर्षांवरच्यांसाठीच आहेत. व्हिसा दोन्ही रूटवरच्या सगळ्या देशांचा बघा, जहाजातून उतरायचं नसलं तरी.

एवढं करून पण दोन्ही सारखीच आली, जे होतं बरेचदा, तर मी अजून एक करते, दोन्ही शिपवर मला हवी तशी केबिन, वरखाली केबिन, मध्यभागी, नेमकी कुठे शिल्लक आहे ते बघते आणि जिथे आहे ती बुक करते, मग वॉटरस्लाइड पार्टी चार दिवस फुगून बसली तरी चालेल.